छोटं विमान कोसळल्यावर वैमानिक कशामुळे वाचतो आणि कशामुळे दगावतो

छोटं विमान कोसळलं आणि वैमानिक जिवंत सापडला, की त्याला लगेच चमत्कार म्हटलं जातं. खरं तर अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर खासगी आणि हौशी उड्डाणांच्या पाच-सहा अपघातांत साधारण एकच प्राणघातक असतो. बाकीच्यांत माणसं जखमी होतात किंवा स्वतःच्या पायांनी बाहेर येतात. कोण वाचणार हे दोन-तीन गोष्टींवर ठरतं. बिघाड झाला तेव्हा विमान किती उंचावर होतं, ही त्यातली गोष्ट नव्हे. उलट उंची असली तर वेळ मिळतो. इंजिन बंद पडलं तरी विमान तरंगत खाली येतं. सेस्ना १७२ सारखं चार आसनी विमान ३०० मीटर उंची गमावताना, वारा नसेल तर, पावणेतीन किलोमीटरच्या आसपास पुढे जातं. तेवढ्यात शेत, मैदान, निदान झुडपं तरी शोधता येतात.

थांबायला किती जागा मिळाली

सगळा हिशेब इथे आहे. जमिनीला टेकताना अशा विमानाचा वेग ४५ ते ६० नॉट, म्हणजे ताशी ८३ ते १११ किलोमीटर असतो. अपघातात जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५५ नॉटनं टेकणाऱ्या विमानाला समोरून १० नॉट वारा मिळाला, तर जमिनीच्या हिशेबानं वेग ४५ वर येतो आणि ऊर्जा एक तृतीयांशानं घटते. तोच वारा पाठीमागून असेल तर वेग ६५ होतो आणि ऊर्जा ४० टक्क्यांनी वाढते. सक्तीनं उतरतानासुद्धा वैमानिक वाऱ्याकडे तोंड करायला धडपडतो ते यासाठी.

आता थांबण्याचं अंतर धरा. ताशी ८३ किलोमीटरनं आलेलं विमान शेतात १५ मीटर घसरत थांबलं, तर वैमानिकावर सरासरी जेमतेम २ जी भार येतो, म्हणजे त्याच्या वजनाच्या दुप्पट. तेच ३ मीटरांत थांबलं तर ९ जी. सत्तर किलोचा माणूस तेव्हा ६३० किलोच्या जोरानं पट्ट्यावर रेलतो. पट्टा नीट असेल तर हेही सोसता येतं.

आता दुसरा प्रसंग. विमान जमिनीपासून ३० मीटरवर आहे, वैमानिकानं उंची टिकवायला नाक वर ओढून धरलंय, वेग घटत गेला आणि पंखांनी आधार सोडला. याला स्टॉल म्हणतात. नाक खाली जातं आणि विमान ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास वेगानं जमिनीवर आदळतं. वेग पहिल्याइतकाच, पण जमीन त्याला अर्ध्या मीटरात थांबवते. भार सुमारे ५७ जी. प्रत्यक्षात धक्का एकसारखा नसतो, क्षणभराचं टोक सरासरीच्या दुप्पटही जातं. तरी दोन आकड्यांमधली दरी पुरेशी बोलकी आहे.

म्हणूनच उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह टाळा, समोरच उतरा, असं शिकवतात. ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेग वळताना वाढतो, उंची संपते आणि विमान नाकावर जातं. झाडं असली तरी ताब्यातलं विमान दोन झाडांमध्ये घालून पंख तुटू देणं परवडतं, कारण तुटणारा पंख ऊर्जा खातो. कॉकपिटचा सांगाडा शाबूत राहिला पाहिजे, बाकी काही वाचवायची गरज नाही. प्रत्यक्षात मात्र विमान वाचवायच्या नादात माणसं जातात.

धक्का कुठल्या दिशेनं आला, हेही तितकंच महत्त्वाचं. १० डिसेंबर १९५४ ला अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेटवर चालणाऱ्या गाडीत बसून ताशी सुमारे १०१७ किलोमीटर वेगापर्यंत गेले आणि ब्रेक लागताना त्यांनी ४६.२ जी सोसले. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेना, पण ते वाचले. भार छातीकडून पाठीच्या दिशेत होता आणि सगळं शरीर पट्ट्यांनी बांधलेलं होतं. हाच भार खुर्चीतून वर, मणक्यांच्या रांगेतून आला असता तर मणके चिरडले असते. छोट्या विमानांच्या खुर्च्यांसाठी १९८८ मध्ये आलेल्या अमेरिकी चाचण्यांत हा फरक दिसतो: पुढच्या दिशेनं २६ जी, वैमानिकाच्या खुर्चीला खालच्या दिशेनं १९ जी, आणि कमरेच्या मणक्यांवर सुमारे ६८० किलोपेक्षा जास्त भार यायला नको. अडचण एवढीच, की हे नियम नव्या आराखड्यांना लागू झाले. आज उडणारी कित्येक छोटी विमानं त्याआधीच्या आराखड्याची आहेत.

पायापासून डोक्यापर्यंत

वैमानिकाचे पाय रडरच्या, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या झडपेच्या, पेडलवर असतात आणि शेवटच्या क्षणी तो ते पूर्ण ताकदीनं दाबून धरतो. कॉकपिटचा तळ आत घुसला की धक्का सरळ टाचेतून घोट्यात जातो. घोट्यातलं टॅलस नावाचं हाड मोडण्याचे प्रकार पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांत इतके दिसले, की शल्यचिकित्सकांनी त्या दुखापतीला वैमानिकांचंच नाव दिलं. या हाडाचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो. मोडल्यावर त्याचा काही भाग मृत होऊ शकतो आणि माणूस वाचूनही पुढे वर्षानुवर्षं लंगडतो.

त्यावर नडगी, गुडघा, मांडीचं हाड. उपकरणांचं पॅनेल खाली सरकलं की गुडघे त्यावर आपटतात आणि धक्का मांडीतून खुब्यापर्यंत जातो.

सगळ्यात जास्त काळजी मणक्याची. छातीचे मणके बरगड्यांनी जखडलेले असतात, कमरेचे मोकळे असतात. दोन्हींच्या सांध्यावर, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका इथे, उभ्या धक्क्याचा सगळा ताण एकवटतो. मणका चिरडतो आणि कधी त्याचे तुकडे मागे मज्जारज्जूकडे सरकतात. फसवं असं, की असा माणूस सुरुवातीला चालूही शकतो. अंगात भिनलेल्या अॅड्रेनलिनमुळे वेदना दबते. 'तो स्वतः उतरून आला, म्हणजे ठीक आहे' हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा.

पोटात पट्ट्यामुळेच इजा होते, पण दोष पट्ट्याचा नसून तो सैल असण्याचा. कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडांवर, खाली आणि घट्ट हवा. सैल पट्टा धक्क्यात वर सरकून मऊ पोटात रुततो. आतडं, त्याला धरणारा पडदा, यकृत, प्लीहा फाटतात. पोटावर पट्ट्याचा निळा-लाल वळ दिसला की डॉक्टर आतल्या इजेचा संशय धरतात. ह्यू डी हेवन हे शिकाऊ वैमानिक पहिल्या महायुद्धात प्रशिक्षण घेताना हवेतल्या टकरीतून वाचले, पण पोटातल्या अवयवांना जबर इजा झाली. कारण पट्ट्याचं बक्कल, असं त्यांनी ओळखलं. पुढे १९४२ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात अपघातातल्या इजांचा अभ्यास सुरू केला. माणूस कशावर आपटला हे मोजून ती वस्तू बदलता येते, हा आज साधा वाटणारा विचार तेव्हा नवा होता.

खांद्यावरचा पट्टा नसेल तर धड कमरेत दुमडतं आणि डोकं पॅनेलवर जातं. चेहऱ्याची हाडं, मेंदू, मान, छातीचं मधलं हाड, सगळं एका झटक्यात. अमेरिकेत छोट्या विमानांच्या पुढच्या आसनांना खांद्याचे पट्टे १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या विमानांपासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या विमानांत ते नंतर बसवून घेता येतात, आणि पैसे मोजायचेच असतील तर नव्या रेडिओच्या आधी यासाठी मोजावेत.

भाजणं हा वेगळा विषय आहे. कातडी किती भाजली यापेक्षा श्वासनलिकेचं काय झालं, हे आधी पाहतात. नाकात काजळी, जळालेल्या भुवया, बसलेला आवाज ही लक्षणं असतील तर घसा पुढच्या काही तासांत सुजून बंद होऊ शकतो. बोलत असलेल्या माणसाच्या घशात डॉक्टर नळी का घालताहेत, हे नातेवाइकांना कळत नाही. कारण हे असतं. नंतर नळी जायला वाट उरत नाही.

सगळ्यात आधी पोचणाऱ्यांसाठी

धावत थेट विमानाला भिडू नका. वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूनं आणि उंचावरून जा. बऱ्याच छोट्या विमानांचं इंधन म्हणजे निळसर रंगाचं विमानाचं पेट्रोल. ते कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्यानं खड्ड्यात, चरात साचते. सेस्ना १७२ च्या नव्या मॉडेलांत दोन्ही पंखांत मिळून २१२ लिटरपर्यंत पेट्रोल मावतं, आणि पंख फुटल्यावर ते बराच वेळ ठिबकत राहतं. विजेची तार तुटली असेल तर ती जिवंतच आहे असं समजून दूर थांबा आणि वीजपुरवठा तोडल्याचा निरोप मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

प्रोपेलरला हात लावू नका, त्याच्या फिरण्याच्या पट्ट्यात उभंही राहू नका. इंजिनाला ठिणगी देणारी मॅग्नेटो बॅटरीवर चालत नाहीत, त्यामुळे बंद दिसणारं इंजिन पातं हलवल्यावर एखादा फेरा घेऊ शकतं.

फार कमी लोकांना माहीत असलेला धोका म्हणजे विमानाचं स्वतःचं पॅराशूट. सिरस जातीच्या विमानांत आणि अनेक हलक्या विमानांत सगळं विमान खाली उतरवणारं पॅराशूट असतं आणि ते रॉकेटनं बाहेर फेकलं जातं. ते उघडलं नसेल तर रॉकेट अजून भरलेलं आहे. सुटल्यावर ते सेकंदाच्या आत ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातं. विमानाच्या धडावर इशाऱ्याचा त्रिकोणी शिक्का, छताला किंवा पॅनेलजवळ लाल दांडा दिसला तर दांडा आणि त्याची केबल ओढू नका, कापू नका, रॉकेटच्या तोंडासमोर थांबू नका. अग्निशमन दलाला फोनवरच सांगा.

आत हात पोचत असेल आणि बटणं ओळखता येत असतील तर मिक्स्चरची (इंजिनाला जाणारं इंधन तोडणारी) लाल मूठ पूर्ण बाहेर ओढा, इंधनाचा खटका बंद करा, किल्ली 'ऑफ'वर घ्या, शेवटी विमानाची वीज तोडणारा मास्टर स्विच बंद करा. ओळखता येत नसतील तर काहीही चाळवू नका. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर विजेच्या स्विचला हात न लावलेलाच बरा, ठिणगीची भीती असते.

वैमानिकाला हलवायचं कधी? आग असेल, धूर असेल, विमान पाण्यात असेल किंवा तो श्वास घेत नसेल, तर लगेच. मणक्याची काळजी त्यानंतर. बाकी सगळ्या वेळी तो आहे तिथेच ठेवा, डोकं दोन्ही हातांनी धरून मान सरळ रेषेत स्थिर ठेवा आणि बोलत राहा. मऊ जमिनीत पुढचं चाक रुतून विमान उलटं होणं नेहमीचं आहे, आणि मग वैमानिक पट्ट्यावर लटकलेला असतो. इथे घाईनं पट्टा कापणं ही मोठी चूक. सगळं वजन घेऊन तो मानेवर आपटतो. आधी दोघांनी खांदे आणि कंबर पेलून धरायची, एकानं डोकं, आणि मगच बक्कल. बऱ्याच विमानांत ते मोटारीसारखं बटण दाबून उघडत नाही, वरची पट्टी उचलावी लागते.

दार अडकलं असेल तर काच फोडायला मोटारीचा टोकदार हातोडा कामाचा नाही. ही काच अॅक्रिलिकची असते, तिचा चुरा होत नाही. कडेला कुऱ्हाडीचे घाव घालून किंवा करवतीनं ती काढावी लागते.

रक्त जोरात वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून पूर्ण वजन टाका, आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. हात किंवा पाय असेल आणि दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटरवर, सांधा सोडून, टुर्निके (रक्त थांबवणारा पट्टा) आवळा आणि वेळ लिहून ठेवा. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं वाहतं थंड पाणी, बर्फ नाही. अंगठ्या, घड्याळ लगेच काढा. पेट्रोलनं भिजलेले कपडेही काढा, ते कातडी जाळतात आणि पेटही घेतात. नंतर पांघरूण घाला. अंग गार पडलं की रक्त गोठेनासं होतं, त्यामुळे उन्हाळ्यातही जखमीला ऊब लागते. पाणी पाजू नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत लांबून दोन-चार फोटो घ्या: नाक किती चेपलंय, खुर्ची खाली बसलीय का, स्टिअरिंग वाकलंय का, खांद्याचा पट्टा होता का. हे फोटो डॉक्टरला दाखवायचे, समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. चेपलेली खुर्ची मणक्याकडे बोट दाखवते, वाकलेलं स्टिअरिंग छातीकडे.

कोणीच आलं नाही तर

विमानात धक्क्यानं आपोआप चालू होणारा आपत्कालीन ट्रान्समीटर असतो. नव्या प्रकारचा ४०६ मेगाहर्ट्झवर दर ५० सेकंदांनी उपग्रहाला खूण पाठवतो आणि शोधपथकाला जवळ आल्यावर माग काढता यावा म्हणून १२१.५ वरही आवाज देतो. जुने फक्त १२१.५ वाले असतात, आणि ती वारंवारता उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकणं बंद केलंय. उपग्रहांची ही व्यवस्था पहिल्यांदा कामी आली सप्टेंबर १९८२ मध्ये, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या छोट्या विमानातल्या तिघांसाठी. कमजोर दुवा अँटेनाचा: विमान उलटं झालं की ती मोडते किंवा केबल तुटते, ट्रान्समीटर चालू असूनही ऐकू जात नाही. म्हणून अनुभवी वैमानिक खिशात वेगळा वैयक्तिक बीकन (खूण पाठवणारं छोटं यंत्र) ठेवतात. खिशात, मागच्या सीटवरच्या पिशवीत नाही.

'प्रकृती गंभीर पण स्थिर'

जखमीला रुग्णालयात आणल्यावर जगभर जो तपासणीचा क्रम वापरतात, तो एका छोट्या विमानाच्या अपघातातूनच आला. १७ फेब्रुवारी १९७६ ला अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचं बीचक्राफ्ट बॅरन विमान नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं. विमान ते स्वतः चालवत होते. पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुलं अत्यवस्थ झाली. रुग्णालयात मिळालेले उपचार त्यांनी स्वतः शेतात केलेल्या उपचारांपेक्षा वाईट होते, असं त्यांचं मत झालं. त्यातून १९७८ मध्ये पहिला प्रशिक्षण वर्ग भरला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं तो स्वीकारला. मूळ क्रम असा: मान सांभाळून श्वासमार्ग मोकळा, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदू, मग सगळं अंग उघडून पाहणं आणि पुन्हा पांघरणं. आधी जे सगळ्यात लवकर मारतं, ते आधी सांभाळायचं. घोट्याचं उघडं हाड कितीही भयानक दिसो, छातीत साठलेली हवा त्याच्या आधी.

'स्थिर' याचा अर्थ नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन आत्ता खाली-वर होत नाहीत, एवढाच. ते यंत्रावर आणि औषधांवरही स्थिर असू शकतात, त्यामुळे 'गंभीर' आणि 'स्थिर' एकाच वाक्यात येणं विसंगत नाही. डॉक्टर ७२ तास थांबा म्हणतात त्यालाही कारण आहे. मेंदूची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढू शकते. मार लागलेलं फुप्फुस पहिल्या एक-दोन दिवसांत बिघडतं. मांडीचं हाड मोडलं असेल तर मज्जेतली चरबी रक्तातून फुप्फुसात आणि मेंदूत जाण्याचा धोका पहिले तीन दिवस असतो. पाय दबून राहिला असेल तर तुटलेल्या स्नायूंचा कचरा मूत्रपिंडात अडकतो, लघवी चहाच्या रंगाची होते. नातेवाइकांनी 'कसा आहे' याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: स्वतः श्वास घेतोय का, हात-पाय चारही हलवतोय का, आणि रक्तस्राव थांबलाय का. उत्तरं नेमकी मिळतात. शुद्धीचा आकडा विचारलात तर तो ३ ते १५ मध्ये असतो. ८ किंवा कमी असेल तर बहुधा श्वासाची नळी घातलेली असते.

'गंभीर जखमी' हा शब्द अधिकृत अहवालात मात्र वेगळ्या अर्थानं येतो. आंतरराष्ट्रीय नियमांत सात दिवसांच्या आत सुरू झालेला ४८ तासांपेक्षा जास्त रुग्णालयातला मुक्काम, बोटं आणि नाक यांचं साधं मोडणं सोडून कुठलंही हाड मोडणं, आतल्या अवयवाला इजा, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचं भाजणं किंवा अंगाच्या ५ टक्क्यांहून जास्त भागावर कुठलंही भाजणं, यातलं काहीही पुरतं. म्हणजे मनगट मोडलेला वैमानिकही कागदावर 'गंभीर'. तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो अपघातातला मृत्यू धरतात.

चौकशी आणि पुन्हा उड्डाण

याच आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष ठरवणं नाही. मेंदूला मार लागलेल्या माणसाला धडकेआधीची काही मिनिटं अजिबात आठवत नाहीत, आणि ती कधीच परत येत नाहीत असंही होतं. तो लपवतोय असं समजण्याचं कारण नाही. पहिल्या दिवशी औषधांच्या गुंगीत घेतलेला जबाब तर कोणाच्याच उपयोगाचा नसतो. जबाबाची घाई नसते, पण अवशेष सांभाळण्याची असते: इंधनाचा खटका, फ्लॅप (पंखामागची हलती झडप), मूठ ज्या स्थितीत सापडली तशीच राहायला हवी, आणि बचावासाठी काही हलवावं लागलं असेल तर ते काय आणि कुठून, हे नोंदवावं.

पुन्हा उडायला मिळणार का, हे मोडलेल्या हाडांपेक्षा डोक्यावर जास्त ठरतं. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर नंतर फिट येण्याचा धोका बराच काळ राहतो, म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र कित्येक महिने, कधी वर्षं रोखून धरतात. मणक्यात सळया बसवलेले वैमानिक परत उडतात. घोटा जखडला गेला असेल तर प्रश्न वेगळा येतो: बहुतेक छोट्या विमानांत चाकांचे ब्रेक पेडलच्या वरच्या टोकाला, पंजा वाकवून दाबायचे असतात. अशा वेळी परीक्षकाला शेजारी बसवून पूर्ण रडर, दोन्ही ब्रेक आणि आपत्कालीन दारातून बाहेर पडणं करून दाखवावं लागतं. ते जमलं नाही तर हातानं ब्रेक लावता येणारी विमानंही आहेत आणि प्रमाणपत्र त्या प्रकारापुरतं मिळू शकतं.